साइडकार शर्यतीचा स्वस्त वर्ग: जुनी कास्ट आयर्न बुलेट ३५० त्या कसोटीला कितपत उतरते?

साइडकारची शर्यत म्हणजे पैशांचा चुराडा, असं पुण्यात जुन्या गाड्यांच्या नादातली मंडळी बोलत असतात. ते अर्धंच खरं आहे. दोन माणसं, तीन चाकं, एक इंजिन एवढाच हा खेळ. पैसा जातो तो इंजिनात, आणि तोही नियम ढिले ठेवले तर. एकाने पिस्टन बदलला की दुसऱ्याला कॅम बदलावा लागतो, तिसरा कार्बोरेटर बाहेरून मागवतो, आणि नवा माणूस हिशोब ऐकूनच परत फिरतो. जागतिक साइडकार स्पर्धेत हेच मोठ्या प्रमाणावर झालं: १९५४ ते १९७४ या काळात १९६८ आणि १९७१चे अपवाद सोडले तर प्रत्येक विजेतेपद बीएमडब्ल्यू इंजिनावरच गेलं. ते रेनस्पोर्ट, म्हणजे खास शर्यतीसाठी बनवलेलं इंजिन हाती असणारे मोजकेच होते.

म्हणून नवशिक्यांचा वर्ग उभा करताना एकच गाडी धरावी आणि तिच्या इंजिनाला नियमांचं कुलूप लावावं. कास्ट आयर्न इंजिनाची रॉयल एनफिल्ड बुलेट ३५० त्यासाठी सगळ्यात आधी डोळ्यांसमोर येते. हा आढावा तिचाच आहे, रस्त्यावरची गाडी म्हणून नाही, शर्यतीच्या साइडकारचा पाया म्हणून. गुण आधीच सांगून टाकतो: इंजिनाला दहापैकी आठ, चेसिसला पाच, ब्रेकला चार, पुढच्या फोर्कला दोन.

इंजिन

३४६ सीसी, बोअर ७० मि.मी., स्ट्रोक ९० मि.मी., आणि १८च्या आसपास अश्वशक्ती. कागदावर हे आकडे केविलवाणे वाटतात. पण लांब स्ट्रोकचं हे इंजिन खालूनच ओढतं, आणि दोन माणसं व तिसरं चाक ओढायला नेमकं तेच लागतं. वळणातून बाहेर पडताना गिअर खाली टाकायला उशीर झाला तरी गाडी मरत नाही. नव्या चालकाच्या चुका पोटात घालणारं इंजिन आहे हे.

याची दुखरी जागा म्हणजे बिग एंड, कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं टोक. मूळ कनेक्टिंग रॉडला रोलर बेअरिंग नाही, तरंगता बुश आहे. तो ऑइलवर जगतो. लांब सरळीवर इंजिन ताणून धरलं किंवा ऑइल पातळ झालं की बुश आधी गरम होतो, मग खालून ठोका ऐकू येतो. ठोका आला की त्याच क्षणी इंजिन बंद करायचं. एक फेरी आणखी मारली तर क्रँकपिनही जाते. म्हणून ऑइल आणि फिल्टरचं फेल्ट प्रत्येक शर्यतीनंतर बदलावं, आणि दर वेळी काढलेलं फेल्ट उलगडून बघावं. त्यात धातूची चकाकी दिसली तर बुश झिजतोय. रोलर बिग एंडला या वर्गात परवानगी असावी. त्याने ताकद वाढत नाही, आयुष्य वाढतं, आणि दोन मोसमांत खर्च भरून निघतो.

कुलूप कुठे लावायचं ते या इंजिनात आपोआप ठरतं. कार्बोरेटर मूळचाच, मिककार्ब व्हीएम २४. नळी २४ मि.मी.ची राहिली की कॅम आणि पोर्टवर पैसे ओतून फारसं हाती लागत नाही. सिलिंडर रिबोअर करावाच लागतो. साठ थाउ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाउ) ओव्हरसाइज पिस्टनपर्यंत गेलं की क्षमता सुमारे ३६२ सीसी होते, तेव्हा मर्यादा ३६५ सीसीची ठेवावी. नाहीतर झिजलेलं, स्वस्तात मिळालेलं सिलिंडर बाद होईल आणि नवं घ्यावं लागेल. इग्निशन पॉइंटचंच. तपासणी झाली की हेडच्या आणि टायमिंग कव्हरच्या बोल्टांतून तार ओवून शिसाचं सील मारायचं.

आणखी एक नियम हवाच. शर्यत संपल्यावर कुठल्याही स्पर्धकाला पहिल्या आलेल्याचं इंजिन ठरलेल्या रकमेला, समजा ४० हजारांना, विकत घेता यावं आणि नाही म्हणता येऊ नये. मग त्यात लाखभर रुपये घालायची कुणाची हिंमत होत नाही. मोटर रेसिंगच्या स्वस्त वर्गांत हा उपाय इतर देशांत जुना आहे.

गिअरिंगलाही असंच कुलूप आहे, आणि ते बुलेटनेच लावून दिलंय. मागचं ३८ दातांचं स्प्रॉकेट ब्रेक ड्रमला एकजीव असल्यामुळे बदलता येत नाही. पुढचं क्लचच्या मागे बसतं. ते बदलायचं तर प्रायमरी कव्हर, क्लच आणि आतला चेनकेस सगळं उतरवावं लागतं. साइडकारसाठी पुढचं स्प्रॉकेट सोलोपेक्षा, म्हणजे नुसत्या दुचाकीपेक्षा, एक-दोन दातांनी लहान हवंच, नाहीतर चौथा गिअर नुसता शोभेला राहतो. वर्गासाठी एकच दातसंख्या ठरवून टाकली की सरावाच्या दिवशी तासन्‌तास क्लच उघडून बसणं संपतं. क्लच मात्र ३५०चा कमी पडतो. सुरुवातीला दोन माणसांचं आणि साइडकारचं वजन ओढताना घसरतो आणि तापला की सुटत नाही. ५००च्या क्लचला प्लेट जास्त आहेत, तो बसवायला मुभा द्यावी.

दुसरी गाडी का नाही

येझ्दी २५० चटपटीत आहे. पण तिची किक आणि गिअर एकाच दांड्यावर, आणि तो दांडा डावीकडे. आपल्याकडे साइडकार डावीकडेच लागते, त्यामुळे पाय घालायला जागाच उरत नाही. शिवाय मैसूरचा कारखाना १९९६ साली बंद झाला, चांगला क्रँक मिळवणं हेच एक काम होऊन बसतं. आरएक्स १०० या कामाला लहान, आणि आता शौकिनांनी भाव चढवून ठेवलाय. आकुर्डीच्या चेतकला साइडकार हे पुण्याचं घरचं चित्र. इंजिन उजवीकडे आणि साइडकार डावीकडे, त्यामुळे तोल छान बसतो. मैदानावर शंकू मांडून शिकायला चेतक उत्तमच. पण तिचं पुढचं चाक एकाच बाजूने धरलेलं आहे; ट्रॅकवर वळणातला आडवा जोर त्याच्यावर टाकू नये. बुलेटची किक उजवीकडे आहे, साइडकार लागल्यावरही ती मोकळी राहते. छोटी गोष्ट, पण ग्रिडवर इंजिन बंद पडलं की तिचं मोल कळतं.

चेसिस: इथे हात आखडता घेऊ नका

बुलेटच्या चेसिसला इंजिनाखालून जाणारे पाइप नाहीत. पुढचा एक पाइप खाली येतो, तिथून इंजिन आणि त्याच्या प्लेटाच सांगाड्याचा भाग बनतात. सोलोला हे पुरतं. साइडकारचा पुढचा खालचा ब्रॅकेट नुसता त्या पाइपला आवळला तर काही फेऱ्यांतच क्लँप फिरतो आणि पाइपला वेढा पडतो. म्हणून आधी सबफ्रेम: पुढच्या इंजिन प्लेटपासून स्विंग आर्मच्या पिव्हटपर्यंत इंजिनाच्या खालून दोन पाइप, ३२ मि.मी. व्यासाचे, ३ मि.मी. जाडीचे, सीमलेस. साइडकारचे खालचे दोन जोड या सबफ्रेमला, वरचे दोन सीटखाली आणि टाकीच्या पुढच्या टोकाशी. चार जोड म्हणजे चारच. तीन जोडांवर गाडी चालते, पण सेटिंग टिकत नाही. साइडकारचा स्वतःचा सांगाडा ३८ मि.मी. पाइपचा पुरतो. महागड्या मिश्रधातूच्या पाइपांवर बंदीच असावी.

सबफ्रेम बनवताना एक चूक हमखास होते. बुलेटचं प्रायमरी कव्हर डावीकडे आहे आणि एकाच मोठ्या नटावर बसतं. फॅब्रिकेटरने डावा पाइप त्या कव्हरच्या अगदी लगत नेला तर कव्हर बाहेर निघत नाही, आणि क्लच बघायला दर वेळी आख्खी साइडकार उतरवावी लागते. वेल्डिंगच्या आधी पाइप नुसता टाके मारून धरा, कव्हर एकदा काढून घालून बघा, मगच पक्कं करा. जुन्या बुलेटचा ब्रेक पेडलही डावीकडेच आहे. पेडल पूर्ण दाबलं तरी पुढच्या ब्रॅकेटला लागता कामा नये. साइड स्टँड काढून टाका.

तिसऱ्या चाकासाठी पुण्यात रिक्षाइतकं स्वस्त काही नाही. रिक्षाचा मागचा ट्रेलिंग आर्म हब, बेअरिंग आणि हायड्रॉलिक ड्रम ब्रेकसकट भंगारात मिळतो. हाफ शाफ्ट काढून टाकायचा, बेअरिंग नवं घालायचं, आर्मचे बुश बदलायचे. ४.००-८ चा रिक्षाचा टायर मैदानी सरावाला चालतो, मात्र तो ओझ्यासाठी बनलेला आहे, पकडीसाठी नाही. खऱ्या ट्रॅकवर लांब वळणात तो तापतो आणि घसरत जातो. तिथे स्कूटरचं हब आणि ३.५०-१० मापाचा चांगला टायर घ्या.

या चाकाचा ॲक्सल मागच्या ॲक्सलच्या २०० ते २५० मि.मी. पुढे हवा. कमी ठेवला तर उजव्या वळणात ब्रेक मारल्यावर साइडकारचं नाक खाली जातं आणि मागचं चाक उचलतं. फार पुढे नेलं तर हँडल जड होतं आणि टायर खरवडला जातो. दोन चाकांमधलं अंतर ११०० मि.मी.च्या आसपास ठेवावं.

फोर्कला दोनच गुण का? बुलेटचा टेलिस्कोपिक फोर्क सरळ उभ्या जोरासाठी आहे. साइडकारची गाडी वळणात झुकत नाही, त्यामुळे सगळा आडवा जोर त्या दोन नळ्यांवर येतो आणि त्या पिळल्या जातात. चाक एकीकडे बघतं, हँडल दुसरीकडे. ट्रेलही, म्हणजे स्टिअरिंगची रेषा जमिनीला मिळते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर, सोलोसाठी ठेवलेला असतो, म्हणून हँडल इतकं जड लागतं की पाच फेऱ्यांत खांदे भरून येतात. उपाय लीडिंग लिंक फोर्कचा, ज्यात चाक पिव्हटच्या पुढे आलेल्या दोन आर्मवर बसतं. बीएमडब्ल्यूच्या रस्त्यावरच्या गाड्यांना १९५५ पासून १९६९ पर्यंत याच जातीचा अर्ल्स फोर्क होता, आणि साइडकारवाल्यांमध्ये तो लोकप्रिय होता. आपल्याकडे तो पाइप, फॉस्फर ब्राँझचे बुश आणि बुलेटचेच मागचे दोन शॉकअप वापरून बनतो. ट्रेल मूळच्या निम्म्यावर आणा. त्यानंतर वेग सोडताना ताशी २०–३० कि.मी.च्या टप्प्यात हँडल थरथरतं. स्टिअरिंग डँपर लावला की थांबतं. फोर्कचं रेखाचित्र वर्गाने एकच ठरवावं आणि सगळे फोर्क एकाच जिगवर (पाइप धरून ठेवणाऱ्या साच्यावर) बनवून घ्यावेत, म्हणजे खर्चही कमी आणि भांडणही नाही.

ओळंबा आणि दोन पट्ट्या

मोजमापासाठी महागडं काही लागत नाही. खिडक्यांना वापरतात त्या ॲल्युमिनियम सेक्शनचे अडीच मीटरचे दोन सरळ तुकडे, टेप आणि गवंड्याचा ओळंबा. जमीन सपाट हवी. तिन्ही टायरांत हवा भरून, चालक आणि पॅसेंजर दोघांना गाडीवर बसवून मापं घ्या. रिकाम्या गाडीची मापं कामाची नाहीत.

एक सेक्शन बुलेटच्या दोन्ही चाकांना डावीकडून चिकटवून ठेवायचा. पुढचा टायर ३.२५, मागचा ३.५०; पुढचा बारीक असल्यामुळे सेक्शन तिरका बसतो. रुंदीतला निम्मा फरक, साधारण ३ मि.मी., पुढच्या टायरपाशी पट्टी घालून भरून काढा. दुसरा सेक्शन साइडकारच्या टायरला बाहेरून लावा. आता पुढच्या ॲक्सलच्या रेषेत आणि मागच्या ॲक्सलच्या रेषेत दोन्ही सेक्शनमधलं अंतर मोजा. पुढचं अंतर १५ ते २० मि.मी. कमी हवं. हा टो-इन. जास्त झाला तर साइडकारच्या टायरच्या कडेला पिसासारख्या धारा उठतात, हात फिरवला की एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने खरखरीत लागतात.

मग ओळंबा. स्टिअरिंग हेडच्या मधोमध दोरी धरा. गाडी साइडकारपासून दूर, म्हणजे उजवीकडे, दीड अंश कललेली हवी, ९०० मि.मी. उंचीवर हा फरक सुमारे २४ मि.मी. येतो. वरचे दोन जोड फिरवून तो साधायचा. चालवून बघितल्यावर गाडी सरळ रस्त्यावर साइडकारकडे ओढत असेल तर कल वाढवा, उलट ओढत असेल तर कमी करा. वेग वाढवताना डावीकडे आणि ब्रेक मारताना उजवीकडे थोडं ओढणारच, तो साइडकारचा स्वभाव आहे. तो घालवायला सेटिंग बदलत बसू नका.

चाकं आणि ब्रेक

१९ इंची तारेची चाकं आडव्या जोराला कच्ची पडतात. मागच्या चाकाला जाड स्पोक घालून घ्या. प्रत्येक सत्रानंतर पाना घेऊन स्पोकवर हलकेच टिचकी मारत फिरा. घट्ट स्पोक टणकन वाजतो, सैल झालेला ठक्क करतो. एक सैल असला तर शेजारचे दोन तुटायच्या बेतात असतात.

पुढे ७ इंची ट्विन लीडिंग शू ड्रम घ्या; ६ इंची जुना ड्रम तीन चाकांचं वजन थांबवू शकत नाही. साइडकारच्या चाकाला ब्रेक सक्तीचा असावा आणि तो मागच्या ब्रेकबरोबर एकाच पेडलवर चालावा. बुलेटचा मागचा ब्रेक रॉडवर आणि रिक्षाचा हायड्रॉलिक. पेडलला मास्टर सिलिंडरचा पुशरॉड जोडून दोन्ही एकत्र येतात. मागचा ब्रेक आधी लागला पाहिजे, साइडकारचा किंचित नंतर. उलटं झालं तर डाव्या वळणात, चाक हलकं झाल्यावर, ते लगेच लॉक होतं. सिलिंडर उलटा-तिरका बसवला असेल तर हवा पूर्ण निघत नाही. निपल सगळ्यात वर येईल असाच बसवा.

पॅसेंजरची बाजू

साइडकारचा पॅसेंजर म्हणजे गाडीचा अर्धा स्टिअरिंग. डाव्या वळणात त्याने साइडकारच्या चाकाबाहेर, जमिनीलगत जायचं. उजव्या वळणात चालकाच्या मागे, मागच्या चाकावर यायचं. त्याने धरायची हँडलं त्याच हिशोबाने लावा: एक पुढे नाकाशी, एक चाकाच्या मडगार्डवर, एक मागच्या मडगार्डपाशी उजवीकडे. पाइप २५ मि.मी.चा, कुठेही उघडं टोक नको, हातमोजा घालून मूठ पूर्ण बंद झाली पाहिजे. फळी १२ मि.मी. मरीन प्लायची, वर खरखरीत पट्टी. मागचं चाक आणि चेन पॅसेंजरच्या बाजूने पूर्ण झाकलेलं हवं. यात कुणालाही सूट देऊ नये. गाडी जागेवर उभी असताना डावा-मधला-उजवा हा क्रम डोळे मिटून जमेपर्यंत ट्रॅकवर जाऊ नका. चालकाच्या मनगटाला बांधलेला दोरीचा किल स्विच सक्तीचा. बुलेटला कॉइल इग्निशन आहे, कॉइलचा पुरवठा तोडला की इंजिन लगेच बंद होतं.

वळणात गाडीबरोबर झुकणारी साइडकार मात्र नको. १९२३ साली आइल ऑफ मॅनच्या पहिल्या साइडकार टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) शर्यतीत फ्रेडी डिक्सन तसल्याच साइडकारवर जिंकला, पण ते यंत्र चालवणाऱ्याच्या कसबावर उभं होतं. गुडघ्यावर बसून चालवायच्या बुटक्या गाड्याही या वर्गात नकोत. बसून चालवायची गाडी कमी पडते असं कुणी म्हणालं तर त्याला १९५८चा टीटी सांगा: चार वेळचा जगज्जेता एरिक ऑलिव्हर जवळजवळ रस्त्यावरचीच नॉर्टन डॉमिनेटर आणि वॉटसोनियनची साइडकार घेऊन उतरला आणि दहावा आला.

पेट्रोल आणि ऑइलच्या दोन खोडी लक्षात ठेवा. गाडी झुकत नसल्यामुळे वळणात पेट्रोल बाहेरच्या बाजूला फेकलं जातं. टाकी निम्म्याखाली गेली की नळाच्या बाजूला वळताना नळ कोरडा पडतो आणि इंजिन अडखळतं. टाकीला दोन्हीकडे नळ लावून टी जोडाने एकत्र आणा. क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरची डकबिल नळी अर्ध्या लिटरच्या डब्यात सोडा, नाहीतर ऑइल थेट तुमच्याच मागच्या टायरवर येतं. ड्रेन बोल्टांना सेफ्टी वायर.

पुण्यात जमवाजमव

इंजिनाचे सुटे भाग नाना पेठेत एका फेरीत मिळतात. पिस्टन आणि क्लच प्लेट घेताना दोन दुकानांत बोटांनी चाचपून बघा, प्लेटच्या कॉर्कच्या जाडीत फरक असतो. हत्यारं आणि जुने हब यांसाठी मंगळवार पेठेजवळचा जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी. सांगाडा भोसरीत बनवून घ्या. तिथे सीमलेस पाइप आणि टिग वेल्डिंग एकाच शेडमध्ये होतं.

गाडी स्वस्त मिळते म्हणून कागद नसलेली घेऊ नका. ट्रॅकवर चालवायची असली तरी इंजिन आणि चेसिस नंबर तपासा, आरसी रद्द झाल्याचा कागद मागा. बाहेरून रंगवलेली, चकाकणारी जुनी बुलेट या कामाला महाग पडते. ठोकर खाल्लेलं टाकी-मडगार्ड असलेली पण सरळ चेसिसची गाडी शोधा.

बदललेली गाडी रस्त्यावर चालवायची नाही. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार परवानगीशिवाय असे बदल चालत नाहीत आणि कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर शर्यत हा गुन्हा आहे. नेण्यासाठी छोटा हत्ती लागतो. साइडकारसकट रुंदी आधी मोजा, हौद्यात घट्ट बसते. कोइंबतूरचा कारी ट्रॅक २.१ कि.मी.चा, या गाड्यांना साजेसा, पण पुण्याहून हजार किलोमीटरच्या पलीकडे. म्हणून वर्गाच्या पहिल्या वर्षी जवळच्या बंदिस्त मैदानावर, परवानगी काढून, शंकू मांडून वेळेविरुद्धच्या फेऱ्या ठेवाव्यात. पुढच्या पायरीला एफएमएससीआय या देशातल्या मोटर स्पोर्ट्स महासंघाचा परवाना घ्यावाच लागतो.

बुलेट घेतलीत तर पहिल्या दहा फेऱ्यांनंतर गाडी थांबवा आणि याच क्रमाने बघा: चारही जोडांचे नट, मागचे स्पोक, चेनचा ताण, स्विंग आर्मचा बुश, ब्रीदरच्या डब्यातलं ऑइल. डबा अर्ध्याहून जास्त भरला असेल तर रिंगा गेल्यात किंवा ऑइल जास्त भरलंय. पुढच्या फेरीआधी कारण शोधा.